खर्चाचं अ‍ॅप मस्त होतं, अकाउंट डिलीट करताना मात्र घाम फुटला

सात-आठ महिने हे खर्चाचा हिशोब ठेवणारं अ‍ॅप वापरलं आणि तेही प्रीमियमचे पैसे भरून, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. फीचर्स सगळ्यांना माहितीच आहेत, बँकेचे एसएमएस वाचून आपोआप नोंदी, महिन्याचा चार्ट वगैरे. ते काम ते खरंच चांगलं करायचं, यूपीआयने दिलेले वीस रुपयेसुद्धा सुटायचे नाहीत.

मग एका अपडेटनंतर खाली लोनचा टॅब आला आणि पगार झाला की दुसऱ्या दिवशी 'तुमच्यासाठी एवढी रक्कम मंजूर' अशी नोटिफिकेशन सुरू झाली. माझा पगार कधी होतो, महिनाअखेरीला खात्यात काय उरतं, आईच्या औषधांना किती जातात हे सगळं मी हिशोबासाठी दिलं होतं, मला कर्ज विकायला नाही. प्ले स्टोअरवर एसएमएस वाचायची परवानगी सरसकट कुठल्याही अ‍ॅपला मिळत नाही, पैशांचा हिशोब ठेवणाऱ्या अ‍ॅपना ती खास सवलत म्हणून मिळते, तिचा असा वापर बघून डोकंच फिरलं. त्याच दिवशी ठरवलं, अ‍ॅप आणि डेटा दोन्ही काढायचं.

नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही, फोनमधलं जातं पण सर्व्हरवरचं तसंच राहतं. म्हणून आधी सगळ्या नोंदी एक्सपोर्ट केल्या आणि इथे मनापासून कौतुक, फाइल एक्सेलमध्ये उघडली तर गिरणी, भिशी, दूध हे माझे मराठी टॅग जसेच्या तसे, एकाचेही चौकोन झाले नव्हते. एवढं नीट काम मोठमोठ्या बँकांच्या स्टेटमेंटमध्ये पण दिसत नाही.

डिलीटचा पर्याय मात्र शोधावा लागला. प्रोफाइल, सेटिंग्ज, मदत, मग प्रश्नोत्तरांची लांबलचक यादी आणि तिच्या तळाशी राखाडी बारीक अक्षरात 'खातं बंद करा'. दाबलं तर स्क्रीनभर हिरवं बटण, तीन महिने प्रीमियम मोफत, जाऊ नका. ते ओलांडून कारण निवडलं, ओटीपी टाकला, खातं बंद झाल्याचा मेल आला. इथवर मी चार स्टार देणार होते, शोधावं लागलं पण झालं ना काम.

पण मला खात्री करून घ्यायची सवय आहे. अ‍ॅप परत टाकलं, तोच नंबर दिला, ओटीपी टाकला आणि समोर 'पुन्हा स्वागत आहे'. खाली माझं सगळं जसंच्या तसं! मार्चमधल्या दवाखान्याच्या बिलाची नोंद, आणि तिच्यावर मी स्वतः टाइप केलेली टीप, 'आईचा एमआरआय, अर्धे दादाने दिले'. बंद झालेल्या खात्यात माझ्या आईचा एमआरआय कशाला पाहिजे यांना? चॅटवर विचारलं तर उत्तर आलं, मॅडम खातं डीअ‍ॅक्टिव्हेट केलंय, डेटा आमच्याकडे सेफ आहे, काळजी करू नका. मी पुन्हा पुन्हा सांगतेय की सेफ नको, काढून टाका, आणि समोरून तेच उत्तर परत पेस्ट होतंय.

आता इतरांना उपयोग होईल ते सांगते. गूगलने २०२३ मध्ये नियम केला की ज्या अ‍ॅपमध्ये अकाउंट उघडता येतं तिथे ते अ‍ॅपमधूनच डिलीट करता आलं पाहिजे, आणि अ‍ॅप फोनमध्ये नसलं तरी वेबवरून विनंती करता आली पाहिजे. नुसतं गोठवणं किंवा डीअ‍ॅक्टिव्हेट करणं म्हणजे डिलीट नाही, असं त्या नियमात स्पष्ट लिहिलंय. आयफोनवाल्यांसाठी अ‍ॅपलने अ‍ॅपमधून डिलीट करायची सोय ३० जून २०२२ पासूनच सक्तीची केलीय. आपला डेटा संरक्षण कायदा पण २०२३ चाच, त्यात डेटा पुसून मागायचा हक्क आहे आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणं सोपं हवं असंही म्हटलंय, पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि ही मुख्य कलमं लागू व्हायला त्यापुढे १८ महिने दिलेत. म्हणून कायद्याचं नाव घेऊन भांडण्यापेक्षा आज तरी प्ले स्टोअरचा नियम जास्त कामाला येतो.

प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या पानावर डेटा सेफ्टीचा भाग असतो, तो पूर्ण उघडा, डेटा डिलीट करायची लिंक तिथे सापडते. मी तिथून विनंती टाकली आणि चॅटवर नियमातलं ते वाक्य चिकटवलं. आठवडाभरात मेल आला की नोंदी आणि टिपा काढल्या, फक्त प्रीमियमची बिलं टॅक्ससाठी ठेवावी लागतात. ते मला पटलं, बिल ठेवणं वेगळं आणि माझा सगळा संसार ठेवणं वेगळं. परत तोच नंबर टाकून बघितलं, या वेळी नवीन ग्राहकासारखी कोरी स्क्रीन आली, नाव विचारणारी. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

त्यामुळे चॅटवरच्या वैतागात दिलेल्या एका स्टारचे दोन केलेत. जास्त नाही, कारण जी लिंक चालते ती अ‍ॅपमध्ये कुठेच नाही आणि अ‍ॅपमधलं बटण डिलीट करतच नाही.

प्रीमियमवाल्यांनी यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन ऑटोपे वेगळं रद्द करा, अ‍ॅप काढलं तरी मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेली मंजुरी, चालूच राहतं आणि वर्ष भरलं की ३९९ रुपये कापले जातील. गूगलने लॉगिन केलं असेल तर गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये जोडलेल्या अ‍ॅपची यादी असते, तिथूनही काढा. आणि हे सगळं सुरू करायच्या आधी एसएमएसची परवानगी बंद करा, नाहीतर तुमची विनंती पुढे सरकेपर्यंत ते नवे मेसेज वाचतच राहणार.