वडिलांची मारुती ८००: झाकून ठेवावी की चालवत राहावी?

वडिलांनी १९९६ साली घेतलेली मारुती ८०० आमच्या दारात अजून उभी आहे. विकायची नाही, हे घरात ठरलेलं. प्रश्न एवढाच, की कव्हर घालून जपायची की वापरायची?

झाकली की रंग टिकतो. सोलापूरच्या चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हात तेही थोडं नाही. पण उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एका बाजूला दबतात, कार्ब्युरेटरमधलं (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागातलं) पेट्रोल उडून त्याच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक छिद्रांत, चिकट थर बसतो. त्यात आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या खातं. नळ्या चालवणाऱ्यालाही बदलाव्या लागतातच, पण निदान टाकीतलं पेट्रोल शिळं होत नाही.

म्हणून मी दर रविवारी ती अक्कलकोटला नेतो, जाऊन-येऊन साधारण ८० किलोमीटर. इंजिन पुरतं तापतं, ऑइल सगळीकडे फिरतं. खर्च आहेच: क्लच, ब्रेक शू, कूलंट. रेडिएटरवर तर उन्हाळाभर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो, कारण इंजिन एकदा जास्त तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) गेलं की काम मोठं निघतं. तरी मला हाच खर्च पटतो. आई पुढच्या सीटवर बसते, हँडल फिरवून काच खाली करते आणि वळसंग येईपर्यंत वडिलांच्या गोष्टी सांगते.