ट्रस्ट करून देणारी सल्लासेवा : समजावणे उत्तम, काम अर्धवट

आईवडिलांच्या मालमत्तेची पुढची व्यवस्था लावण्यासाठी गेल्या वर्षी आम्ही एका सल्लागार संस्थेची सेवा घेतली. तीन बैठका, ट्रस्टचा (म्हणजे एकाने दुसऱ्याच्या लाभासाठी मालमत्ता सांभाळण्याच्या व्यवस्थेचा) दस्तऐवज आणि त्याला जोडून एक मृत्युपत्र, असे तिचे स्वरूप होते. मालमत्ता म्हणजे राहते घर, काही ठेवी आणि थोडे शेअर. आम्ही भावंडे दोघेच. धाकटी बहीण सज्ञान आहे, कायद्याने अक्षम ठरलेली नाही, पण पैसा तिच्या हाती टिकत नाही. तिच्या वाट्याची रक्कम एकदम तिच्या खात्यावर जमा झाली तर पुढे काय होईल, ही आईची खरी चिंता होती.

पहिली बैठक या सेवेतला सर्वांत चांगला भाग ठरली. सल्लागारांनी ट्रस्टची भलावण न करता उलट असे सांगितले की दोन मुलांना निम्मे-निम्मे देणे एवढाच हेतू असेल, तर नीट केलेले मृत्युपत्र पुरते; ट्रस्ट केला की त्याचे हिशेब ठेवणे, विवरणपत्रे भरणे आणि तो चालवणारी माणसे शोधणे हे सारे मागे लागते. मृत्युपत्राचा अंमल मृत्यूनंतरच सुरू होतो, ट्रस्ट मात्र हयातीतही चालू शकतो, आणि म्हणून मालकाला आजारपणामुळे सही करणे अशक्य झाले तरी घरखर्च थांबत नाही. मालकी विश्वस्ताची, लाभ लाभार्थीचा, हे सूत्र त्यांनी वडिलांना अगदी सोपे करून दिले. वडिलांनी हाताने लिहून आणलेल्या टिपणात ‘थोरल्याने धाकटीची काळजी घ्यावी अशी माझी इच्छा आहे’ असे वाक्य होते. ही निव्वळ इच्छा झाली, यातून ट्रस्ट निर्माण होत नाही, असे सांगून त्यांनी इंग्लंडमधील 1840 च्या नाइट विरुद्ध नाइट या निकालाचा आधार दिला : ट्रस्ट करण्याचा हेतू, त्यातली मालमत्ता आणि लाभार्थी या तिन्ही गोष्टी निश्चित हव्यात.

रद्द करता येणारा ट्रस्ट आणि कायमचा ट्रस्ट यांतला फरकही स्पष्ट झाला. मालमत्ता केव्हाही परत घेण्याची मुभा स्वतःकडे ठेवली, तर ज्यांचे पैसे देणे आहे त्यांच्यापासून ती सहसा सुरक्षित राहत नाही. मुभा सोडली तर संरक्षण वाढते, पण मालमत्तेवरचा हक्कही जातो. त्यातही, देणी डोक्यावर असताना ती चुकवण्यासाठी केलेले हस्तांतर न्यायालय रद्द करू शकते. बहिणीसाठी त्यांनी विवेकाधीन ट्रस्ट सुचवला, म्हणजे कोणाला, केव्हा आणि किती द्यायचे हे विश्वस्त ठरवणार. ठरावीक वाटा तिच्या नावे राखून ठेवला आणि ती त्याची एकटी, पूर्ण हक्काची लाभार्थी असली, तर 1841 च्या सॉन्डर्स विरुद्ध वॉटिये या निकालाची परंपरा जिथे पाळली जाते तिथे ‘अमुक वयापर्यंत थांबा’ ही सूचना बाजूला सारून ती सगळी रक्कम मागू शकते. हा मुद्दा आम्हांला स्वतःहून सुचला नसता. पैसे कसे वापरले जावेत याविषयी विश्वस्तांना उद्देशून आपल्या इच्छा सांगणारे एक वेगळे पत्र लिहून ठेवण्याची सूचनाही अशीच मोलाची होती. ते बंधनकारक नसते, तरी बहिणीचे औषधपाणी, तिची दिनचर्या आणि तिला न रुचणाऱ्या गोष्टी आईने त्यात चार पाने भरून लिहिल्या आहेत.

दुसऱ्या बैठकीत विश्वस्ताच्या निष्ठेविषयी बोलताना सल्लागारांनी 1726 चा कीच विरुद्ध सँडफर्ड हा खटला रंगवून सांगितला. एका अल्पवयीन मुलासाठी विश्वस्ताने बाजाराचा भाडेपट्टा सांभाळला होता. मुदत संपल्यावर मालकाने मुलाला नवा पट्टा नाकारला, तेव्हा विश्वस्ताने तो स्वतःसाठी घेतला, आणि न्यायालयाने तोही मुलाचाच ठरवला. हे ऐकून आम्ही प्रभावित झालो, आणि आठवड्याने मसुदा हाती आला. त्यात वडिलांच्या पश्चात विश्वस्त म्हणून हीच संस्था नेमलेली होती, ट्रस्टच्या गुंतवणुकीवर मिळणारे कमिशन स्वतःकडे ठेवण्याची तिला परवानगी होती, आणि विश्वस्ताच्या घोर निष्काळजीपणालाही माफी होती. इंग्लंडमध्ये 1997 च्या आर्मिटेज विरुद्ध नर्स या निकालानुसार अप्रामाणिकपणा वगळता अशी माफी चालते, त्यामुळे कलम बेकायदेशीर होते असे म्हणता येणार नाही. पण ज्याला मोबदला मिळणार, त्याला ती द्यावी कशासाठी? आम्ही दोन्ही कलमे काढायला लावली आणि विश्वस्त बदलण्याचा अधिकार कुटुंबाकडे घेतला. थोडी कुरकुर करून संस्थेने ते मान्य केले.

खरी निराशा त्यानंतरची आहे. सह्या झाल्या, सुबक बांधणीची फाइल मिळाली आणि सेवा संपली. चार महिन्यांनी एका ठेवीची मुदत संपली, तेव्हा ती अजून वडिलांच्याच नावावर असल्याचे लक्षात आले. शेअर आणि घर यांचीही तीच गत होती. दस्तऐवजाच्या शेवटी मालमत्तेची यादी जोडली होती, पण नुसत्या यादीने मालकी बदलत नाही. प्रत्येक खाते आणि प्रत्येक मिळकत रीतसर विश्वस्ताच्या नावे करावी लागते. राहून गेलेली मालमत्ता ट्रस्टला जोडलेल्या मृत्युपत्रामुळे पुढे ट्रस्टमध्ये आली असती हे खरे, पण मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता घेण्याच्या ज्या प्रक्रियेचा वेळ वाचवायचा होता तिच्यातूनच ती जाण्याची शक्यता होती. विचारणा केल्यावर संस्थेने करारपत्राच्या मागच्या पानावरची ओळ दाखवली : ‘हस्तांतराची जबाबदारी ग्राहकाची’. ओळ होती, हे मान्य. मात्र तीन बैठकांत जुने खटले सांगायला सवड मिळते आणि ज्याच्याविना दस्तऐवज रिकामा राहतो ते काम एका ओळीत आटोपते, हा प्राधान्यक्रम मला पटला नाही.

समजावून सांगण्यासाठी या सेवेला मी पाचपैकी पाच गुण देईन, मसुद्यासाठी तीन आणि पुढच्या कामासाठी शून्य. ठेवी आणि शेअर आम्ही स्वतः खेपा घालून ट्रस्टच्या नावे करून घेतले. घरावर कर्ज असल्याने कर्जदात्याची संमती लागते. ती आली की ते हस्तांतर दुसऱ्या वकिलांकडे सोपवणार आहोत.