मीटिंग जवळची बरी की जळगावची?

दारू सोडायची ठरवलेल्या अमळनेरच्या माणसापुढे पहिला पेच हाच: अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची (एकमेकांच्या आधाराने दारू सोडणाऱ्यांची संघटना) मीटिंग आपल्याच भागात शोधायची, की थेट जळगाव गाठायचं?

जळगावला ओळखीचं कुणी भेटायची भीती कमी. छोट्या गावात दारात चप्पल काढतानाच कुणीतरी विचारतं, "काय भाऊ, इकडे कुठे?" आणि माणूस तिथूनच माघारी फिरतो. अमळनेर, धरणगाव, जळगाव ही स्टेशनं सुरत-भुसावळ मार्गावरच आहेत, त्यामुळे जाणं अवघड नाही. पण परतीच्या गाडीच्या धास्तीने मीटिंग संपताच उठावं लागतं, आणि मोकळं बोलणं तर नंतरच्या चहावर होतं.

जवळच्या मीटिंगला तो चहा मिळतो. कापसाचे पैसे हातात आले, संध्याकाळी पाय गुत्त्याकडे वळू लागले, तर स्पॉन्सर, म्हणजे आधी सावरलेला सोबती, मोटरसायकलवर लगेच येऊ शकतो. म्हणून माझा कौल जवळच्या मीटिंगलाच. फारच संकोच वाटला तर सुरुवात जळगावला करा, पण करा.

फी दोन्हीकडे नाही. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या संघटनेची अट एकच, पिणं सोडायची इच्छा. ओपन मीटिंगला घरचेही येऊ शकतात, क्लोज्ड फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी. आधी विचारून घ्या. रोज पिणाऱ्याने मात्र एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना दाखवावंच, फिट येऊन जिवावर बेतू शकतं. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, कॉल मोफत.