सेकंड-हँड सर्व्हर कार्डावर घरचा स्टोरेज पीसी: दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात घरातले फोटो, जुने व्हिडिओ आणि बाबांच्या स्कॅन केलेल्या कागदपत्रांसाठी मी एक पीसी स्वतः जोडला. मदरबोर्डावर साटाचे, म्हणजे डिस्क जोडायचे, पोर्ट चारच आणि डिस्क सहा, प्रत्येकी 4 टीबीच्या. म्हणून अडीच हजारांत सर्व्हरमधून काढलेलं आठ पोर्टांचं एसएएस कंट्रोलर कार्ड, म्हणजे जास्तीच्या डिस्क जोडू देणारं कार्ड, घेतलं. कार्डाची कंपनी आणि दुकान इथे सांगत नाही, कारण पुढे जे रामायण झालं त्यात दोष त्यांचा नव्हता. वर डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि झेडएफएस ही अनेक डिस्क एकत्र सांभाळणारी फाइल सिस्टिम. सहा डिस्कांचा पूल, म्हणजे एकच सामाईक साठा, असा की दोन डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत राहावा.

फेब्रुवारीपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. आईला पंख्यांचा आवाज नको होता, म्हणून मशीन माळ्यावर ठेवलं होतं. नागपूरचा माळा. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल, मला मात्र ओळखायला दोन महिने लागले.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी पाहतो तर सहाच्या सहा डिस्क गायब. लॉगमध्ये 'एसएएस होस्ट इज नॉन-ऑपरेशनल', म्हणजे कार्ड चालत नाही, आणि त्यापुढे चक्क चार उद्गारचिन्हं. पूल सस्पेंड झालेला. मशीन बंद करून चालू केलं तर सगळं जागच्या जागी, एकही फाइल खराब नाही. योगायोग म्हणून सोडून दिलं. एप्रिलमध्ये पुन्हा तेच, पुन्हा रविवार सकाळ.

इथे मी शहाण्यासारखं वागलो नाही. आधी एका डिस्कवर संशय घेतला, कारण तिच्या स्मार्ट रिपोर्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचा ठेवते त्या हिशोबात, 199 क्रमांकाची नोंद, म्हणजे डेटा ये-जा करताना झालेल्या सीआरसी एररची, 14 वर होती. नवी डिस्क मागवली. ती आल्यावर नीट वाचलं तेव्हा कळलं की 199 ही बहुतेक वेळा केबलची तक्रार असते. पृष्ठभाग खराब असेल तर 5 आणि 197 हे आकडे वाढतात, आणि ते दोन्ही शून्य होते. केबल बदलली. आकडा आजही 14 वरच आहे. तो कमी होत नसतो, वाढायचा थांबला की जिंकलो. पण केबल बदलूनही मूळ दुखणं तसंच. मग एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, बदलला. तो खर्चही पाण्यात.

खरं तर पुरावा पहिल्या दिवसापासून समोर होता. एक डिस्क पडली तर डिस्क किंवा तिची वायर बघायची. एका केबलवरच्या चार पडल्या तर ती केबल, नाहीतर त्यांना जाणारी पॉवर. पण दोन वेगळ्या केबलवरच्या सहाही डिस्क एकाच क्षणी पडत असतील, तर त्या सगळ्यांत सामाईक उरतं ते कार्ड.

आणि रविवारच का? डेबियनमध्ये झेडएफएसचं स्क्रब महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मध्यरात्रीनंतर 24 मिनिटांनी आपोआप सुरू होतं. सगळा डेटा वाचून पडताळला जातो. माझ्याकडे त्याला पाचेक तास लागतात. एरवी एखादा सिनेमा बघताना कार्डाला काहीच काम नसतं. स्क्रबमध्ये मात्र सहाही डिस्क तासन्‌तास वाचत राहतात, कॅबिनेट तापतं आणि ती सगळी गरम हवा कार्डाभोवती घुटमळते.

ही कार्डं सर्व्हरसाठी बनतात. तिथे पुढून मागे सतत झोत वाहत असतो आणि माहितीपत्रकात मिनिटाला 200 फूट वेगाचा वारा गृहीत धरलेला असतो. माझ्या कॅबिनेटमध्ये कार्डापाशी वारा जवळजवळ नव्हताच. हीटसिंकला, म्हणजे चिपवरच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला, बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. चिपचं तापमान दाखवणारा सेन्सर या कार्डात नाही, त्यामुळे बोट हाच थर्मामीटर.

खात्री करायला एका दुपारी माळ्यावर टेबल फॅन चढवला, कॅबिनेटचं झाकण काढलं आणि स्क्रब हाताने सुरू केलं. पूर्ण झालं, एकही एरर नाही. दुसऱ्या दिवशी फॅन बंद ठेवून तेच केलं, तर तीन तासांत कार्ड आडवं.

मग हीटसिंक उघडला. चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी आतली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती पुसून नवी लावली आणि 40 मिमीचा पंखा झिप टायने हीटसिंकवर बांधला. इथे आणखी एक खड्डा होता. मदरबोर्ड पंख्याचा वेग सीपीयूच्या तापमानावर ठरवतो, आणि स्क्रबमध्ये माझा सीपीयू निवांत असतो. म्हणजे नेमकं कार्ड तापत असताना पंखा मंद. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन त्याला कायम पूर्ण वेगावर ठेवला.

मे ते ऑगस्ट चार स्क्रब झाली, त्यातलं एक भर मेच्या उन्हाळ्यात, तेही माळ्यावरच. एकदाही कार्ड पडलं नाही.

कुरकुर आहेच. मशीन सुरू होताना कार्डाचा स्वतःचा बायोस डिस्क शोधत बसतो, त्यात मिनिटभर जातो. छोटा पंखा बारीक चिरकतो. आईच्या मते माळ्यावर डास शिरलाय. आणि हा पंखा बंद पडला तर कार्ड सांगणार नाही, म्हणून त्याचे मिनिटाचे फेरे 2000 च्या खाली गेले की मला मेल येईल अशी छोटी स्क्रिप्ट लिहिली आहे. तसलाच दुसरा पंखा आणून ड्रॉवरमध्ये ठेवलाय, उगाच मागवलेल्या त्या सीलबंद डिस्कच्या शेजारी.