कॉम्प्युटर नवा, प्रोसेसर दहा वर्षांपूर्वीचा, विंडोज चोरीची

गेल्या आठवड्यात दुकानात खत घ्यायला आलेल्या एका शेतकऱ्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. मुलासाठी कॉम्प्युटर घ्यायचा होता आणि कोणीतरी व्हॉट्सॲपवर कोटेशन पाठवलं होतं. "आय७, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, विंडोज ११ प्रो लाइफटाईम, ऑफिस फ्री." वाचता वाचता माझ्या पोटात गोळा आला. २०२२ मध्ये माझ्या हातात जो कागद होता, त्यावर जवळपास हेच शब्द होते. त्या कागदापायी माझी नऊ वर्षांची खातवही गेली.

विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. त्यामुळे गावोगावी लोक कॉम्प्युटर बदलायला निघाले आहेत आणि असली कोटेशनं पुन्हा फिरू लागली आहेत. म्हणून माझ्यासोबत काय झालं ते सगळं लिहितो आहे.

अमळनेर तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, औषधं. ज्यांनी असं दुकान चालवलंय त्यांना वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो: आमच्याकडे धंदा उधारीवर चालतो. शेतकरी जूनमध्ये कपाशीचं बियाणं नेतो, जुलै-ऑगस्टमध्ये युरिया आणि फवारणीची औषधं नेतो, आणि पैसे देतो ते कापूस विकल्यावर, दिवाळीनंतर. अनुदानाच्या खताची विक्री २०१८ पासून पॉस मशीनवर अंगठा घेऊन होते, त्यामुळे तो हिशोब सरकारकडे असतो. पण कोणाकडे किती बाकी, कोणी किती दिले, हे फक्त माझ्या कॉम्प्युटरमधल्या टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. साधारण ११ लाखांची उधारी.

जुना कॉम्प्युटर फार रखडायला लागला म्हणून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, ३ मे २०२२ ला, जळगावहून नवा आणला. दुकानाचं नाव देत नाही. दोन पर्याय समोर होते. एक ब्रँडेड डेस्कटॉप, आय३ बाराव्या पिढीचा, कंपनीकडूनच विंडोज ११ होम टाकलेला, ४३ हजार. दुसरा दुकानदाराने स्वतः जोडून दिलेला, आय७, ३१ हजार ५००. दुकानदार म्हणाला, "दादा, आय३ घेऊन काय करता? आय७ म्हणजे टॉप. आणि विंडोज प्रो आहे, लाइफटाईम ॲक्टिव्हेट करून देतो." मला वाटलं, तीनापेक्षा सात मोठा, होमपेक्षा प्रो मोठं, आणि वर साडेअकरा हजार वाचतायत. पक्क्या बिलाबद्दल विचारलं तर म्हणाला, १८ टक्के जीएसटी लागेल, कशाला? कोटेशनच्याच कागदावर "पेड" असा शिक्का मारून दिला. मी स्वतः जीएसटी भरणारा व्यापारी. पक्कं बिल घेतलं असतं तर त्यातला बराचसा कर मला वजावटीत परत मिळाला असता. तरीही मी तो कागद घडी करून खिशात घातला. याचं मला आजही वाईट वाटतं.

सहा महिने काही झालं नाही. कॅबिनेट चकचकीत होतं, पुढे निळा लाईट लागायचा, एसएसडी नावाच्या वेगवान डिस्कमुळे चालूही झटकन व्हायचा. एसएसडी नवी असली की दहा वर्षांचं मशीनसुद्धा पहिल्या दोन मिनिटांत नवंच वाटतं.

ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळी नुकतीच झाली होती आणि वसुली सुरू होणार होती, तेव्हा स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरं उमटली: "ॲक्टिव्हेट विंडोज". मी दुकानदाराला फोन लावला. त्याने एका मुलाला जोडून दिलं. मुलाने मोबाईलवर सूचना देत माझ्याकडून एक ॲप उतरवून घेतलं आणि तिकडून माझा माऊस हलवायला लागला. मी शेजारी बसून बघत होतो. त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे विंडोजचं व्हायरस संरक्षण बंद केलं. एक लाल सूचना आली, ती त्याने मिटवली. मी विचारलं, "हे का बंद करताय?" तो म्हणाला, "ते चालू असलं तर ॲक्टिव्हेटर चालू देत नाही दादा, उगाच व्हायरस म्हणतं." मग कुठल्यातरी साईटवरून एक झिप फाईल उतरवली, पासवर्ड टाकून उघडली, चालवली. कोपऱ्यातली अक्षरं गेली. "झालं दादा, दोन मिनिटांचं काम."

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅली उघडलं तर कंपनीच दिसेना. फोल्डरमध्ये गेलो. प्रत्येक फाईलच्या नावापुढे चार अक्षरांचं एक अनोळखी शेपूट लागलेलं. बिलं, कोटेशनं, मुलीच्या दहावीच्या निकालाचा स्कॅन, आईचे फोटो, सगळ्याला तेच शेपूट. प्रत्येक फोल्डरमध्ये "रीडमी" नावाची एक छोटी फाईल. ती उघडली. इंग्रजीत लिहिलं होतं की तुमच्या फायली कुलूपबंद केल्या आहेत, किल्लीची किंमत ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केला तर निम्मी म्हणजे ४९० डॉलर, आणि खात्री पटावी म्हणून एक फाईल फुकट उघडून देऊ. ४९० डॉलर म्हणजे त्या वेळच्या भावाने साधारण ४० हजार रुपये, कॉम्प्युटरच्या किमतीपेक्षा जास्त.

बॅकअप होता. पेन ड्राईव्हवर रोज घेत होतो. पण तो पेन ड्राईव्ह कॉम्प्युटरला कायम लावलेलाच असायचा, त्यामुळे त्यातल्या फायलींनाही तेच शेपूट लागलं. ही एक चूक नसती तर बाकी सगळं निभावलं असतं.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "हार्डवेअरची वॉरंटी आहे, सॉफ्टवेअरची नाही. तुम्हीच काहीतरी डाऊनलोड केलं असेल." त्यानंतर त्याने माझे फोन उचलले नाहीत.

माझी भाची धुळ्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. ती रविवारी एसटीने आली. तिने आधी इंटरनेटची वायर काढली, मग टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव मला वाचायला लावलं: आय७-३७७०. "मामा, आय७ च्या पुढचा आकडा बघायचा असतो. ३७७० म्हणजे तिसरी पिढी. हा २०१२ सालचा आहे. मी तेव्हा पाचवीत होते." आठव्या पिढीचा असेल तर आकडा ८ ने सुरू होतो, बाराव्याचा १२ ने. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि मदरबोर्डवर टीपीएम २.० नावाची सुरक्षा लागते. माझ्या मशीनमध्ये दोन्ही नव्हतं. पळवाट काढून विंडोज ११ बसवलेलं होतं. जुन्या ऑफिसांमधून निघालेले असे प्रोसेसर नव्या स्वस्त मदरबोर्डवर बसवून, नव्या कॅबिनेटमध्ये घालून विकतात. मी नाकारलेला तो बाराव्या पिढीचा आय३ या आय७ पेक्षा कितीतरी वेगवान होता.

मग तिने ॲक्टिव्हेशनचं समजावलं, आणि तिथे मला खरी फसवणूक कळली. मोठ्या कंपन्यांमध्ये शेकडो कॉम्प्युटर असतात. त्यांचे परवाने कंपनीच्याच एका सर्व्हरवरून लागतात आणि ते ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं, मधून मधून त्या सर्व्हरशी बोलून नवं होत राहतं. ॲक्टिव्हेटर नावाची चोरटी फाईल असा खोटा सर्व्हर असल्याचं सोंग करते. म्हणजे माझं "लाइफटाईम" १८० दिवसांचं होतं. ३ मेपासून मोजा, १८० दिवस ३० ऑक्टोबरला भरतात. ती अक्षरं कोपऱ्यात त्याच सुमाराला आली होती.

ॲक्टिव्हेटर चालवायचं म्हणजे आधी संरक्षण बंद करायचं. घराचं दार उघडं ठेवून चोराच्या हातात दिवा देण्यासारखं ते आहे. त्या झिपमध्ये ॲक्टिव्हेटरसोबत आणखी काय आहे हे बघणारं तेव्हा कोणी जागंच नसतं. फायली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या प्रोग्रामला रॅन्समवेअर म्हणतात; आमच्याकडे आलेल्या प्रकाराचं नाव स्टॉप-डीजेव्हीयू, आणि तो मुख्यतः अशाच क्रॅक (चोरीची सॉफ्टवेअर) आणि ॲक्टिव्हेटरमधून पसरतो. तो येताना पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही सोबत आणतो, म्हणून भाचीने त्याच दिवशी मोबाईलवरून माझ्या मेलचे आणि बँकेचे सगळे पासवर्ड बदलायला लावले. दोन दिवसांनी जीमेलची सूचना आली, कोणीतरी जुन्या पासवर्डने आत शिरायचा प्रयत्न केला होता.

शिवाय दुकानदाराने विंडोजचे अपडेट आधीपासूनच बंद करून ठेवले होते, ॲक्टिव्हेशन उडू नये म्हणून. अपडेट म्हणजे निव्वळ त्रास, असं मलाही वाटायचं. भाचीने वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरचं उदाहरण दिलं. १२ मे २०१७ ला त्याने जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले, पण ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो घेतला ते वाचले.

पैसे दिले नाहीत. किल्ली मिळेल याची हमी नव्हती, आणि त्या लोकांना एक रुपयाही द्यायचा नव्हता. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन केला, सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. ग्राहक आयोगाकडे जायचा विचार केला, पण हातात होता तो शिक्क्याचा कागद. त्यावर ना जीएसटी क्रमांक, ना प्रोसेसरचा मॉडेल नंबर, ना विंडोजचा परवाना. नुसतं "आय७", आणि आय७ तर त्यात होताच.

उधारी पुन्हा लिहायला बसलो. बिलबुकाच्या कार्बन कॉप्या दोन वर्षांच्या सापडल्या, त्याआधीचं काहीच नाही. मग शेतकऱ्यांना एकेक करून विचारलं. एक म्हातारे बाबा, ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त बाकी होती, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "तू लिख, मी सांगस." तीन वर्षांतली प्रत्येक थैली त्यांनी तोंडपाठ सांगितली. माझ्या अंदाजापेक्षा त्यांचा आकडा ६०० रुपयांनी जास्त निघाला. असे पुष्कळ भेटले. काही नाही भेटले. शेवटी १ लाख ४० हजारांचा मेळ बसला नाही, तो आजही नाही.

त्यानंतर नवा कॉम्प्युटर घ्यायची वेळ आली तेव्हा आम्ही दोघांनी चार दिवस विचार केला. विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचा पहिला विचार होता. उबुंटू किंवा मिंट हे त्याचे प्रकार फुकट मिळतात, परवाना नाही म्हणून ॲक्टिव्हेटर नाही, सॉफ्टवेअर त्यांच्याच भांडारातून येतं, आणि एलटीएस, म्हणजे जास्त काळ सांभाळली जाणाऱ्या आवृत्तीला पाच वर्षं अपडेट मिळतात. सुरक्षेच्या बाजूने ते मला फार पटलं. पण टॅली विंडोजचंच, आणि पत्रकं छापायला लागणारं श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअरही विंडोजवर. मॅकचीही तीच अडचण, शिवाय किंमत. म्हणून विंडोजच घेतलं, ब्रँडेड, आत परवाना असलेलं, पक्क्या बिलावर. बिलात मॉडेल नंबर आणि "विंडोज ११ होम" हे शब्द लिहून घेतले. तो जुना आय७ फेकला नाही, त्यावर मिंट टाकलं. आता मुलगी त्यावर अभ्यास करते आणि तो नेटाने चालतोय. मुलांच्या अभ्यासापुरता कॉम्प्युटर हवा असेल आणि पैसे कमी असतील, तर चोरीच्या विंडोजपेक्षा फुकटचं लिनक्स लाख पटीने बरं, हे मी कोणालाही सांगेन.

दुकानाच्या कॉम्प्युटरवर मी ज्या खात्यातून काम करतो त्याला काही इन्स्टॉल करायचा अधिकारच नाही. ॲडमिनचा पासवर्ड वेगळा, तो फक्त गरजेला. विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअरसाठी फोल्डर राखण्याची एक सोय आहे, ती मुळात बंद असते, ती चालू करून टॅलीचं फोल्डर त्यात घातलं. दोन बाहेरच्या डिस्क घेतल्या. एकीवर बॅकअप घेतला की ती काढून घरी जाते, दुसरी दुकानात येते. एका वेळी एकच कॉम्प्युटरला लागते, तीही दहा मिनिटं.

त्या शेतकऱ्याच्या कोटेशनचं पुढे असं झालं. मी त्याच्यासमोरच दुकानदाराला फोन लावून दोन गोष्टी विचारल्या: प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय, आणि विंडोजचा परवाना बिलावर लिहून देणार का. नंबर सांगायला त्याने "बघून कळवतो" म्हटलं. परवान्याचं म्हणाला, "बिलावर नाही येत, पण ॲक्टिव्हेट करून देतो." शेतकऱ्याला एवढं पुरलं. ज्यांनी आधीच घेतलाय त्यांनी कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत एसएलएमजीआर, मग जागा सोडून स्लॅश आणि एक्सपीआर (slmgr /xpr) असं टाईप करून बघावं. कायमचं ॲक्टिव्हेट असेल तर तसं लिहून येतं. घरच्या किंवा दुकानाच्या कॉम्प्युटरवर तिथे एखादी तारीख दिसली, तर आधी महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर काढा, डिस्क बाजूला ठेवा, मग दुकानदाराला फोन करा. आणि विंडोज १० चा चांगला, खऱ्या परवान्याचा कॉम्प्युटर असेल तर घाईने बदलू नका. नाव नोंदवलं तर मायक्रोसॉफ्ट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट देतं आहे.

त्या आय७ मधली कुलूपबंद डिस्क मी काढून ठेवली, पुसलेली नाही. या रॅन्समवेअरच्या जुन्या प्रकारांसाठी एम्सिसॉफ्ट कंपनीने २०१९ मध्ये फायली उघडायचं मोफत साधन काढलं होतं. नव्या प्रकारांत, कुलूप लागताना इंटरनेट नसेल तरच थोडी आशा असते, आणि त्या चिठ्ठीतल्या आयडीच्या शेवटी "टी१" असलं तर ते ओळखता येतं. माझ्या आयडीच्या शेवटी टी१ नाही. तरी डिस्क फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आहे, वरती तारीख लिहून. भाची आता पुण्याला नोकरी करते. दर दिवाळीला आली की आधी ती डिस्क मागते, लावून बघते, नवी किल्ली आली का ते तपासते, आणि परत गुंडाळून ठेवते. आईचे फोटो त्यातच आहेत.