तीन महिन्यांत गेलेला फ्युएल पंप

गाडी 2009 ची, पेट्रोल. टाकीतून इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप पहिल्यांदा गेला तेव्हा पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने स्वस्तातला लोकल पंप बसवून दिला. तीन महिन्यांत खंबाटकी घाट चढताना पिकअप गेला, दोन झटके बसले आणि इंजिन बंद. स्टिअरिंग एकदम दगडासारखं जड. ब्रेक दोनदा नीट लागला, तिसऱ्यांदा पाय रोवून दाबावा लागला, कारण इंजिन बंद पडलं की बूस्टरचा, म्हणजे ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या भागाचा, जोर संपत जातो. मागे ट्रक, शेजारी आई. तो क्षण अजून विसरलेले नाही.

टो करून साताऱ्याच्या एका छोट्या गॅरेजात नेली. तिथल्या काकांनी आधी पंपाला वीज देणारे फ्यूज आणि रिले पाहिले, मग गेज लावून पेट्रोलचं प्रेशर मोजलं. मागची सीट उचलून टाकीतला पंप बाहेर काढला, त्याची पेट्रोल गाळणारी जाळी काळी पडलेली मला दाखवली. "ताई, गाडी कायम रिझर्व्हवर चालवता का?" मी चालवायचे. टाकीतलं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ओरिजिनल पंप, नवीन जाळी, टाकीवरच्या पंपाच्या झाकणाचं नवं रबर सील. जुनं सील बसवायला काकांनी साफ नकार दिला. तिथून पेट्रोलची वाफ गाडीत येते म्हणाले. बिल जास्त झालं, पण एक रुपयाही खटकला नाही. आता चावी फिरवली की मागून येणारी पंपाची दोन सेकंदांची घूं ऐकूनच स्टार्टर मारते.