अमावास्येच्या चांदण्यांसाठी अलिबाग की देवगड?

मुंबईहून निघून अमावास्येची एक रात्र समुद्रकाठी तारे बघत काढायची, तर कुठे जावं? काळोखाचाच हिशेब केला तर देवगडपुढे अलिबाग टिकत नाही. पण काळोख नंतर बघा. जायचं की नाही हे किती आधी ठरवावं लागतं, ते आधी बघा.

अलिबागचं त्याच दिवशी दुपारी ठरवता येतं. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने तासाभरात मांडवा. जेवण झाल्यावर हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहाची चित्रं बघायची. खात्याचा जिल्हावार अंदाज पावसासाठी चांगला, पण त्यात ‘आकाश मुख्यतः निरभ्र’ लिहिलं म्हणून हुरळून जाऊ नका. पिंजलेल्या कापसासारखा उंचावरचा पातळ थर पाऊस देत नाही, मात्र कृत्तिका पुसून टाकायला तेवढा पुरतो. म्हणून विंडीसारख्या ॲपमध्ये उंच ढग वेगळे उघडून बघावेत. दिसले, तर घरीच राहावं. फार तर तिकिटाचे पैसे जातील.

देवगडला ही चैन नाही. कोकण रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि भरतंही लगेच. दोन महिने आधी ढगांचा अंदाज कोण देणार? तिथे त्या रात्रीच्या नाही, महिन्याच्या हवेवर डाव लावायचा. मोसमी पाऊस मुंबईतून सरासरी 8 ऑक्टोबरला परततो, पण पुढचे दोन महिने अरबी समुद्राचा भरवसा नसतो. 2009 मध्ये फयान चक्रीवादळ नोव्हेंबरात आलं, 2019 मध्ये क्यार ऑक्टोबरअखेर, आणि 2017 च्या ओखीने डिसेंबरही सोडला नाही. डिसेंबर-जानेवारीत मधूनच मळभ येतं. हापूसचा बागायतदार तेव्हा मोहोराकडे बघून हवालदिल झालेला असतो, त्याला विचारलंत तर आकाशाचा अख्खा इतिहास ऐकायला मिळेल. माझ्या मते फेब्रुवारी आणि मार्चच्या अमावास्या धराव्यात.

त्यातही एक मेख आहे. महाशिवरात्र माघी अमावास्येच्या एक-दोन दिवस आधी येते आणि देवगडजवळच्या कुणकेश्वरची यात्रा तेव्हाच भरते. देवदर्शन हवं असेल तर खुशाल जा, पण त्या झगमगाटात आकाशगंगा शोधू नका. त्या दिवसांत किनारा दुसरा निवडा. देवगडच्या किल्ल्यावर दीपगृह आहे, त्याचा झोत डोळ्यांवर येणार नाही अशी जागाही दिवसाउजेडी हेरून ठेवा.

दक्षिणेकडचे तारे देवगडहून जास्त वर दिसतात हे खरं, पण फरक सव्वादोन अंशांचा, म्हणजे हात लांब करून धरलेल्या एका बोटाहून थोडा जास्त. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री सव्वानऊ-साडेनऊला अगस्त्य सर्वांत वर येतो. अलिबागहून तो क्षितिजापासून 19 अंशांच्या आसपास असतो, देवगडहून 21. त्रिशंकू या तारकासमूहासाठी मात्र मार्चमध्ये रात्री दीडपर्यंत जागावं लागतं, आणि तो इतका खाली असतो की क्षितिजावरचा धूसरपणाच सगळं ठरवतो. रात्री जमिनीकडून मतलई वारा सुटतो, तो देवगडला सह्याद्रीच्या अंगाची हवा आणतो, अलिबागला पेण-पनवेलकडची. हा फरक त्या दोन अंशांपेक्षा मोठा.

अलिबागची उत्तर आणि ईशान्य मुंबई आणि न्हावाशेवा बंदराच्या उजेडाने गेलेलीच समजा. गंमत म्हणजे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये इथे आणली, ती मुंबईपासून लांब म्हणून! ताऱ्यांसाठी आता तेवढं लांब पुरत नाही. गावातली चौपाटी सोडून रेवदंडा, जमलं तर काशीद गाठा, आणि तोंड नैर्ऋत्येला ठेवा.

अमावास्येला उधाणाची भरती असते आणि या किनाऱ्यावर ती मध्यरात्रीच्या सुमारास भरते. अलिबागकडे ओहोटी-भरतीतला फरक चार मीटरच्या घरात जातो, देवगडला जवळपास त्याच्या निम्मा. संध्याकाळी अलिबागची वाळू मैलभर मोकळी बघून कॅमेऱ्याची तिवई पुढे रोवलीत, तर अकराला पाण्यातून उचलावी लागेल.

पहिल्यांदाच जात असाल, मुलं बरोबर असतील किंवा शनिवारच काय तो मोकळा असेल, तर अलिबाग. आकाशगंगेचा फोटो हवा असेल आणि तीन रात्री हाताशी असतील, तर देवगड. तिथे एका रात्रीसाठी जाऊ नका.